रुमालाखालची अ‍ॅडमिशन

निपाणीच्या तंबाखूबाजारात भरमाण्णा बोकनूरकरांच्या नाकाला जेवढा मान होता, तेवढा मामलेदाराच्या सहीलाही नव्हता. वखारीत माल आला की शेठ गादीवरून हलत नसत, नुसती "भरमाण्णा!" अशी हाक मारत. मग भरमाण्णा यायचे आणि बोदाच्या, म्हणजे गोणपाटात शिवलेल्या त्या तंबाखूच्या गाठोड्याच्या, थेट पोटात कोपरापर्यंत हात घालायचे. वरची जुडी शेतकरी नेहमीच देखणी ठेवतो, खरी गंमत खाली असते, हे त्यांना मिसरूड फुटायच्या आधीच कळले होते. आतली जुडी उपसायची, पान चुरगाळायचे, हुंगायचे, चिमूटभर विडीत वळून पेटवायचे, राखेचा रंग बघायचा आणि तीनपैकी एक शब्द उच्चारायचा. "उंची." "मध्यम." "झाडलोट." पुढे अपील नाही.

ही सवय वखारीत ठेवून घरी यायचे त्यांना कधी जमले नाही. लग्नाच्या पंगतीत ते बुंदी चुरगाळून हुंगत. कीर्तन संपले की बुवांच्या पाया पडता पडता पुटपुटत, "मध्यम." एकदा कलेक्टरसाहेब बाजार बघायला आले. सगळा बाजार कमरेत वाकला. भरमाण्णाही वाकले, पण सरळ होताना त्यांनी साहेबाकडे असे काही बघितले की शेठनी घाईघाईने त्यांचा सदरा ओढला. त्यांची बायको बाळाबाई हिने लग्नाला वीस वर्षे झाल्यावर विचारले होते, "आणि मी वं?" भरमाण्णा म्हणाले, "पारख्यानं घरच्या मालाला हात लावायचा नसतो." हे उत्तर ऐकून बाळाबाई दोन दिवस विचार करत होती की आपले कौतुक झाले की अपमान.

बाजाराची आणखी एक रीत इथे सांगायला हवी, कारण सगळे रामायण तिच्यावरूनच घडले. भाव तोंडाने बोलायचा नाही. घेणाऱ्याने आणि देणाऱ्याने समोरासमोर बसायचे, हातावर रुमाल टाकायचा आणि रुमालाखाली एकमेकांची बोटे धरायची. एक बोट धरले तर दहा, दोन धरली तर वीस. वर चेहरे अगदी निर्विकार, जणू दोघे मयताला आले आहेत. बोटे धरली आणि "ठीक आहे" म्हटले की सौदा पक्का. मग आभाळ कोसळले तरी बदलायचा नाही. निपाणीत बाप लेकाला फसवील, भाऊ भावाची जमीन खाईल, पण रुमालाखालचा शब्द फिरवणारा माणूस अजून जन्माला आला नव्हता.

अशा माणसाचा थोरला मुलगा रवळू १९३१ साली मॅट्रिक पास झाला. सातशेपैकी तीनशे एक मार्क. हा आकडा ऐकून बेळगुंदीहून आलेला गुंडूकाका म्हणाला, "देवळाच्या देणगीगत मार्क पडल्यात की रं!" बोकनूरकरांच्या घराण्यात रामापासून रवळूपर्यंत कोणी मॅट्रिक झाले नव्हते, त्यामुळे दारात केळी बांधायची का, यावर बराच वेळ चर्चा झाली. भरमाण्णांनी मात्र मार्कांचा कागद हातात घेतला, वळवला, उजेडात धरला आणि गंभीरपणे सांगितले, "मध्यम."

"तुमच्या जिभंला काय हाड?" बाळाबाई कडाडली.

"मध्यम म्हंजे वाईट न्हवं. सगळा बाजार मध्यम मालावर चालतोय. उंची माल शंभरात पाच."

रवळूला पुढे शिकायचे होते. त्याला मास्तर व्हायचे होते, तेही गणिताचा, आणि गणितात त्याला शंभरात बेचाळीस मार्क होते. ही गोष्ट त्याने फक्त आईला सांगितली होती, आणि आईने फक्त गल्लीला. भरमाण्णांना ती कळली तेव्हा ते हसले नाहीत. त्यांनी गाठीला होते-नव्हते ते जमेस धरून सांगितले, "वर्साला दीडशे रुपय. खाणंपिणं धरून. वर आणा न्हाई. तेवढ्यात बसलं कॉलेज, तर जा." आणि न बसले तर? तर शेठनी वखारीत कारकुनाची जागा ठेवली होती, महिना पंधरा रुपये. कॉलेजची टर्म ज्या दिवशी सुरू व्हायची, त्याच दिवशी रवळूला गादीच्या कोपऱ्यात बसून बोदांवर नंबर घालायला लागायचे होते, आणि एकदा तिथे बसलेला माणूस उठलेला कोणी पाहिला नव्हता. रवळू अठरा दिवस हाच हिशेब बोटांवर करत होता.

बेळगावात त्या काळी कॉलेज नव्हते. त्यामुळे सल्ला देणाऱ्यांना सगळा मुंबई इलाखा मोकळा होता.

पहिला सल्ला श्रीपादराव वकिलांचा. हे शेठचे वकील. बेळगावच्या जुन्या घराण्यातले, बी. ए. एल्‌एल. बी., आणि बोलताना डोळे किंचित मिटून घेणारे. "पुणे!" ते म्हणाले. "दुसरा विचारच करू नका, भरमाण्णा. आमच्या वर्गातले तिघे आज जज्ज आहेत. एक तर दिवाण आहे दिवाण!"

"वर्गात पोरं किती हुती?"

"असतील सव्वाशे."

"चार उंची निघाली. ऱ्हायलेल्या एकशेएकवीस जणांचं काय झालं?"

"राहिलेल्यांचं? राहिलेले म्हणजे... असतील कुठेतरी."

"तुम्ही त्यातलंच न्हवं, वकीलसाहेब?"

श्रीपादरावांचा चष्मा एकाएकी फार धुळकट झाला आणि ते तो बराच वेळ पुसत बसले. खाणावळीसकट पुण्याचा खर्च वर्षाला साडेतीनशे येतो, हे त्यांनी चष्मा पुसतानाच सांगितले.

हेडमास्तर म्हणाले, धारवाड. का, तर तिथली हवा. "हवंनं पोरगं पास हुतंय का?" असे भरमाण्णांनी विचारले तेव्हा हेडमास्तरांनी तिथल्या आंब्यांचे वर्णन केले. गुंडूकाका म्हणाला, कोल्हापूर. कारण तिथे आक्का राहते, तिच्याकडे दोन म्हशी आहेत आणि गल्लीत तालीम आहे. पोरगे कॉलेजात जाईल की तालमीत, असे विचारल्यावर काका म्हणाला, "दोन्ही जवळजवळच हाईत." थोडक्यात, ज्याने त्याने स्वतः जिथे तारुण्य घालवले ते गाव सांगितले, आणि मध्यम मुलाचे तिथे काय होते हे एकालाही ठाऊक नव्हते. जो तो आपापल्या गावातली वरची जुडी काढून दाखवत होता.

"माल इकायचा तर वखार आपून बगून यायची," भरमाण्णांनी जाहीर केले. त्यांनी सर्व्हिस मोटारीने एका दिवसात जाऊन येता येईल अशी तीन कॉलेजे निवडली. त्यांची नावे मी देत नाही. तीनही ठिकाणचे हेडक्लार्क अब्रूदार होते आणि त्यांची नातवंडे आता आमच्या ओळखीची आहेत.

निघताना बाळाबाईने भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि लेकाच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात गुपचूप दोन रुपये दिले. भरमाण्णांनी रवळूला नवे धोतर, काळी टोपी आणि एक सूचना दिली. "तू वानगी हाईस. वानगी दाखवायची असती. वानगीनं बोलायचं नसतंय."

पहिल्या कॉलेजच्या व्हरांड्यात संगमरवरी पाट्या होत्या. पहिल्या वर्गात आलेल्या विद्यार्थ्यांची नावे त्यावर सोन्याच्या अक्षरांत कोरलेली. भरमाण्णांनी पट्टेवाल्याला गाठले.

"ही वरची झाली. मधल्यांची पाटी कुठं हाय?"

"मधल्यांची पाटी नसते, बाबा."

"का? ते फी देत न्हाईत?"

पट्टेवाल्याने जन्मात पहिल्यांदाच त्या पाट्यांकडे नीट पाहिले. "देतात की," तो म्हणाला. "सगळ्यात जास्त तेच देतात. वरच्यांना माफी असते." भरमाण्णांनी रवळूला खूण केली आणि दोघे बाहेर पडले.

दुसरे कॉलेज म्हणजे कापसाच्या जुन्या जिनिंग कारखान्यात भरवलेले. पत्र्याचे छप्पर, भिंतींना चुना, व्हरांड्यात एक शेळी. "हे कॉलेज?" भरमाण्णांनी टांगेवाल्याला तीनदा विचारले. टांगेवाल्याने तीनदा "व्हय" म्हटले. भरमाण्णा टांग्यातून उतरलेदेखील नाहीत. बसल्या जागेवरून त्यांनी हवा हुंगली आणि म्हणाले, "झाडलोट."

ज्या माणसाने पस्तीस वर्षे गोणपाटाकडे न बघता बोदाच्या पोटात हात घातला, तो माणूस त्या दिवशी गोणपाट बघून परतायला निघाला, ही गोष्ट खरी आहे. इमारतीपुढे भल्याभल्यांचे असे होते. रवळू मात्र "पाणी पिऊन येतो" म्हणून उतरला आणि अर्धा तास आला नाही. "किती पाणी प्यायलास रं?" बापाने विचारले. वानगी बोलली नाही.

तिसरे कॉलेज तिथून सहा मैलांवर, नदीपलीकडे. तिथे दगडी जिना होता, मनोऱ्यावर घड्याळ होते आणि हेडक्लार्कच्या डोक्यावर विजेचा पंखा फिरत होता. पंखा पाहिला आणि भरमाण्णांचे नाक बंद पडले. डोळे तेवढे चालू राहिले. सागवानी बाक, पितळी कठडा, भिंतीवर पंचम जॉर्ज. "ही वखार," ते मनाशी म्हणाले.

हेडक्लार्क मार्तंडराव हे मोठे मऊ गृहस्थ. कोणाला 'नाही' म्हणायचे झाले की त्यांना घाम येत असे, म्हणूनच कॉलेजने त्यांच्या डोक्यावर पंखा बसवला होता असे म्हणत. त्यांनी रवळूचे मार्क बघितले, जागा आहे म्हणाले, आणि फी सांगितली: वर्षाला एकशेवीस. बोर्डिंगचे शंभर वेगळे.

"काय कमीजास्त?" भरमाण्णांनी मोठ्याने विचारले.

मागे आणखी पाचसहा पालक उभे होते. मार्तंडराव ओशाळले. पुढे वाकून हळूच म्हणाले, "हे असं सगळ्यांसमोर बोलू नये हो."

आता तुम्हीच सांगा, निपाणीच्या माणसाने याचा दुसरा काय अर्थ घ्यावा? भरमाण्णांचा चेहरा खुलला. साहेब शहरगावचा असला तरी जाणता आहे! त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला, टेबलावर पसरला, त्याखाली उजवा हात सरकवला आणि चेहरा निर्विकार करून मार्तंडरावांकडे टक लावून पाहू लागले.

मार्तंडरावांना वाटले, म्हाताऱ्याला मोटार लागली. चेहरा दगडासारखा, डोळे थिजलेले, हात कापडाखाली लपवलेला. त्यांचे वडील वैद्य होते. त्यांनी चटकन रुमालाखाली हात घातला, भरमाण्णांची बोटे गार लागली म्हणून चारही बोटे मुठीत धरून चोळली आणि धीर देत म्हणाले, "ठीक आहे, ठीक आहे. होईल सगळं."

चार बोटे. चाळीस रुपये. आणि "ठीक आहे" दोनदा.

भरमाण्णांनी अर्जाचा एक रुपया भरला, तो इसार समजून. पावती कमरेला खोचली आणि मार्तंडरावांना असा नमस्कार केला की, ते घरी जाऊन बायकोला म्हणाले, "खेड्यातली माणसं फार कृतज्ञ असतात गं."

निपाणीत ही बातमी मोटारीच्या आधी पोचली. आणि इथे कोणी हसले असेल असे तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही निपाणी पाहिलेली नाही. एकशेवीसची फी चाळीसवर पाडली, म्हणून बाजाराने भरमाण्णांचा सत्कारच केला. दोघे व्यापारी आपल्या मुलांचे मार्क घेऊन आले. शेठ म्हणाले, "तू घाई केलीस. मी असतो तर तीन बोटांवर आणला असता." फक्त श्रीपादराव वकिलांना चहाचा ठसका लागला, आणि तो बराच वेळ थांबला नाही. पण ठसक्याला बाजारात कोण विचारतो? भरमाण्णांनी त्याच दुपारी शेठना सांगून टाकले, "कारकुनाची जागा दुसऱ्याला द्या." शेठनी ती गुंडूकाकाच्या जावयाला दिली. जावई दुसऱ्याच दिवशी येऊन गादीच्या कोपऱ्यात बसला.

रवळू त्या दिवसांत फार गप्प होता. वानगी म्हणून मिळालेली सवय असेल, असे बापाला वाटले.

टर्म सुरू व्हायच्या दोन दिवस आधी कॉलेजचा लिफाफा आला. श्रीपादरावांनी तो वाचून दाखवला. पहिल्या टर्मची फी साठ, डिपॉझिट दहा, बोर्डिंगचे आगाऊ पन्नास. उद्या, पाच वाजेपर्यंत. न भरल्यास जागा रद्द.

भरमाण्णांनी लिफाफा हातात घेतला. त्यांचा चेहरा इतका पडला की, वकील थट्टा करायला आले होते ते विसरले. "वकीलसाहेब," ते हळू म्हणाले, "शब्द फिरवला त्यांनी."

"अहो, पण त्यांना तुमचा शब्द कळला तरी का?"

"बोटं धरली. ठीक आहे म्हणाला. मानूस हाय का न्हाई?"

त्यांच्या दृष्टीने फीची गोष्ट दुय्यम झाली होती. जगात पहिल्यांदा रुमालाखालचा सौदा मोडला होता. पण बाळाबाईला सौद्याशी घेणे नव्हते. ती चुलीपुढून ओरडली, "तिकडं जागा गेली, हिकडं वखारीतली जागा जावयानं खाल्ली. माझं पोरगं आता कुठं बसवायचं? तुमच्या रुमालाखाली?" दुसऱ्या दिवशी पहिल्या मोटारीने बापलेक निघाले.

मार्तंडरावांनी त्यांना ओळखले आणि प्रेमाने विचारले, "आता तब्येत कशी आहे?"

"तब्येत माझी न्हाई बिघडली. तुमची जबान बिघडली!"

दहा मिनिटांत हा आवाज प्रिन्सिपॉलसाहेबांच्या खोलीपर्यंत गेला आणि मागोमाग माणसेही गेली. साहेब पगडी आणि कोट घातलेले, मोठे विद्वान, पण कंटाळलेले. त्या दिवशी सकाळपासून त्यांनी एकशेचार अर्जांवर सह्या केल्या होत्या. तंबाखूचा पारखी आपल्या हेडक्लार्कवर शब्द मोडल्याचा आरोप करतो आहे, हे ऐकून त्यांना तरतरी आली.

"मला दाखवा," ते म्हणाले. "कसं केलंत?"

भरमाण्णांनी त्यांच्या टेबलावर रुमाल पसरला. साहेबांनी हात आत घातला. भरमाण्णांनी रीत समजावून सांगितली. साहेब रंगले. "म्हणजे असं?" त्यांनी बोटे दाबली. "आणि असं धरलं तर?"

"साहेब, हात सोडा," भरमाण्णा गडबडीने म्हणाले. "आता तुम्ही पन्नासला आलासा."

साहेबांनी विंचू चावल्यासारखा हात बाहेर काढला. मार्तंडराव पंख्याविना घामाने भिजले होते. "साहेब, मला वाटलं यांना घेरी आली. मी नुसती बोटं चोळली हो!"

भरमाण्णा त्यांच्याकडे बघत राहिले. बघता बघता त्यांना ते पटले. इतका भित्रा माणूस शब्द मोडू शकत नाही, कारण इतका भित्रा माणूस शब्द देऊच शकत नाही. त्यांनी रुमाल घडी केला. "मग सौदा झालाच न्हाई," ते म्हणाले, आणि त्यांना जरा हलके वाटले. रुमालाची अब्रू राहिली. पण दीडशे रुपयांत एकशेवीस आणि शंभर बसत नव्हते ते नव्हतेच. घड्याळात अडीच वाजले होते.

"अर्धी फी माफ होऊ शकते," साहेब म्हणाले. खरोखर मनापासून म्हणाले. "मुलाला पन्नास टक्क्यांच्या वर मार्क असतील तर."

"त्रेचाळीस हाईत."

"मग नियम आड येतो."

"साहेब, एक इचारू? जो पोरगा कुठंबी टाकला तरी पास हुणार, त्याला सूट. आन्‌ ज्याच्यावर तुम्हाला मेहनत करायची, त्याला पुरा भाव. ही वखार चालती कशी?"

प्रिन्सिपॉलसाहेबांनी तोंड उघडले. युनिव्हर्सिटी, दर्जा, गुणवत्ता असे तीन शब्द त्यांच्या मनात आले असावेत, पण त्यांनी ते गिळले. तेवढ्यात मागून एक आवाज आला.

"आप्पा, मी बोलू?"

तिघांनी वळून पाहिले. रवळू खोलीत आहे हे सगळे विसरले होते.

"मी तिकडं अर्ज घातलाय. पत्र्याच्या कॉलेजात."

"कवा?"

"तुम्ही टांग्यात बसून झाडलोट म्हणालासा तवा. आईनं दिलेला रुपाया हुता. फी वर्साला सासष्ट. पोरं सोता रांधत्यात, म्हयन्याला सात रुपय पडत्यात. दीडशाच्या आत बसतंय."

"सवंग म्हून घ्यायचं व्हय?"

"सवंग म्हून न्हवं." रवळू आता थांबत नव्हता. "मी पोरांना इचारलं, तुमच्यातली कच्ची पोरं असत्यात त्यांचं काय हुतं? तर गणिताचे सर हाईत, ते रोज सांजच्याला त्यास्नी घेऊन बसत्यात. गेल्या साली तसली तेवीस हुती. अठरा पास झाली."

"कुणी सांगितलं?"

"उरलेल्या पाचातल्या एकानं."

भरमाण्णांनी लेकाकडे बघितले, खालपासून वरपर्यंत, जसे त्यांनी अठरा वर्षांत बघितले नव्हते. "मग इतकं दिस बोलला का न्हाईस, गाढवा?"

"तुम्ही चाळीसला सौदा केला म्हून सगळं गाव पेढं खात हुतं. कसं बोलू?"

"पाच वाजेपर्यंत तिथंही मुदत असेल," प्रिन्सिपॉलसाहेब घड्याळाकडे बघत म्हणाले. "निघा तुम्ही." आणि रवळूच्या अर्जाचा एक रुपया परत द्या, असे त्यांनी मार्तंडरावांना सांगितले. असा रुपया त्या कॉलेजच्या इतिहासात परत गेला नव्हता. मार्तंडराव तो घेऊन फाटकापर्यंत धावत आले, टांगा थांबवला, रुपया हातावर ठेवला, मागे वळून कोणी ऐकत नाही ना ते पाहिले आणि कुजबुजले, "कुणाला बोलू नका. आमचा थोरला तिथंच आहे. त्याला एकेचाळीस टक्के होते."

सहा मैल. टांगेवाल्याला भरमाण्णांनी भाव तोंडानेच सांगितला आणि दुप्पट सांगितला. पुलावर बैलगाड्यांची रांग लागली होती. भरमाण्णा उतरून गाडीवानांशी मराठीत, कानडीत आणि शेवटी दोन्ही भाषांना ठाऊक असलेल्या शब्दांत बोलले, तेव्हा वाट झाली. कॉलेजात पोचले तेव्हा पावणेपाच झाले होते. तिथला क्लार्क शेंगा सोलत होता.

"मार्क?" त्याने विचारले.

"त्रेचाळीस टक्के."

"अरे वा!" क्लार्क म्हणाला. "वर्गात पहिल्या दहांत बसशील."

पैसे भरले. पावती मिळाली. टर्म उद्या सकाळी आठला सुरू होणार होती. भरमाण्णांनी निपाणीला परत जायला हवे होते, वखारीत माल आलेला होता. पण ते गेले नाहीत. पोरगे खरोखर वर्गात बसते की नाही हे बघितल्याशिवाय बाळाबाईला तोंड दाखवायची त्यांची तयारी नव्हती. त्या रात्री ते बोर्डिंगच्या ओसरीवर झोपले.

सकाळी आठला ते गणिताच्या वर्गाच्या खिडकीबाहेर उभे होते. आत चाळीसेक मुले होती. सर बुटके, कोटाची एक गुंडी तुटलेली, हातात खडू. रवळू तिसऱ्या बाकावर बसला होता. सरांनी फळ्यावर काहीतरी लिहिले आणि त्याच्याकडे बोट केले. रवळू उठला. भरमाण्णांनी खिडकीचा गज घट्ट धरला.

रवळूने उत्तर दिले. ते चुकलेले असावे, कारण वर्ग हसला. मागच्या बाकावरून तर कोणी शिट्टी वाजवली. दीडशे रुपये, वखारीतली जागा, बाळाबाईचे तोंड, सगळे एकदम भरमाण्णांच्या डोळ्यांपुढे आले.

सर हसले नाहीत. ते फळ्याजवळून चालत रवळूच्या बाकापाशी आले, त्याच्या वहीत वाकून बघितले आणि म्हणाले, "पहिल्या दोन पायऱ्या बरोबर आहेत. तिसऱ्यात घसरलास. नाव काय?"

"रवळू भरमू बोकनूरकर."

"आज संध्याकाळी साडेपाचला ये. वही घेऊन ये. बस खाली."

रवळू बसला. सर परत फळ्याकडे गेले. भरमाण्णांनी गज सोडला, टोपी सारखी केली आणि निपाणीच्या मोटारीची वेळ विचारायला क्लार्ककडे निघाले.